नाकात जाणारी कमळकाकडी

आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. नमुन्यांचं बरं असतं. त्यांना लेबल असतं, आणि काम झालं की ते फेकून देता येतात. किस्से कोण फेकणार? एकानं सांगितला की दुसरा त्याला मीठमिरची लावतो, तिसरा तो कँटीनमध्ये नेतो, आणि ख्रिसमसच्या जेवणापर्यंत त्या किश्श्यात मी चक्क बेशुद्ध पडलेली असते! म्हणून म्हटलं, केइकोचे किस्से तरी आपणच सांगून टाकावेत. मी तिथं होते, आणि एकदाही बेशुद्ध पडलेली नाही.

मी लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या ब्लड लॅबमध्ये काम करते. केइको माझ्या शेजारच्या बेंचवर बसते. ती जपानच्या दक्षिणेकडच्या कुमामोतोची. बोलते इंग्रजीत, तेही मोजूनमापून, पण मी तिला इथं मराठीत बोलायला लावणार आहे. किस्से माझे आहेत, चालायचंच.

कुमामोतोत एक पदार्थ करतात, कराशी रेनकोन. रेनकोन म्हणजे कमळकाकडी, कराशी म्हणजे मोहरी. तिथल्याच तळ्यांतली जाडजूड कमळकाकडी अख्खी उकडायची. मिसो म्हणून सोयाबीनचं आंबवलेलं खारट वाटण असतं, त्यात मोहरी कालवून ते कमळकाकडीच्या भोकांत ठासायचं. रात्रभर ठेवायचं, मग पिवळंधम्मक पीठ लावून तळायचं आणि गार झालं की चकत्या करायच्या. जेवताना तोंडी लावायला एखादी चकती. एकच, कारण दुसरी घ्यायला माणूस शुद्धीवर हवा.

केइकोच्या आईवडिलांचं याच पदार्थाचं दुकान होतं. मोहरी आई कालवायची, तळायचे बाबा. मागच्या वर्षी आई गेली आणि बाबांनी दुकान बंद केलं. आता ते त्या घरात एकटेच. केइकोनं फोनवर विनवण्या करकरून त्यांना दोन आठवडे लीड्सला यायला राजी केलं होतं. तिच्या मनात मात्र, त्यांनी निदान हिवाळाभर तरी तिच्याकडे राहावं. बाबांचं एकच पालुपद. "जिथं रेनकोन नाही तिथं मी करू काय?"

आणि गंमत बघा, दुकानदाराच्या या एकुलत्या एक लेकीला तो पदार्थ येतच नव्हता! लहानपणी मोहरीचा वास आला की ती दुकानातून धूम ठोकायची. आता तिनं ठरवलं की बाबा यायच्या आत शिकायचं. आणि प्रयोग कुणावर? आमच्यावर!

*

पहिला बळी डेरेक. डेरेक आमचा मॅनेजर, पक्का यॉर्कशायरचा. त्याचं नाक वर्षानुवर्षं चोंदलेलं. फोनवर "मॉर्निंग" म्हणाला तरी समोरचा विचारतो, "सर्दी झालीय का?"

केइकोनं स्टाफरूममध्ये डबा उघडला. पिवळ्या कडेच्या, भोकाभोकांच्या सुबक चकत्या. डेरेकला वाटलं, हे आपल्या स्कॉच एगचंच, म्हणजे खिम्यात गुंडाळून तळलेल्या अंड्याचंच, काहीतरी जपानी भावंड असणार. त्यानं अख्खी चकती तोंडात टाकली.

आधी काहीच झालं नाही. मग त्याच्या भुवया वर गेल्या. मग कान लाल झाले. मग त्यानं एका हातानं फ्रिज धरला आणि दुसऱ्या हातानं तो हवेतच काहीतरी शोधायला लागला. केइको घाबरून सॉरी, सॉरी करत वाकत होती. शेवटी डोळे पुसत डेरेक म्हणाला, "नॉट बॅड."

यॉर्कशायरमध्ये ‘नॉट बॅड’ म्हणजे आपल्याकडच्या उभं राहून वाजवलेल्या टाळ्या! पण केइको खूश नव्हती. मोहरी तिनं सुपरमार्केटमधली, डब्यातली इंग्लिश पावडर वापरली होती. "ही नाकात जाते आणि लगेच परत येते," ती म्हणाली. "आईची जायची ती तिथंच राहायची."

सोमवारी डेरेक आला तो तावातावानं. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझ्या कुत्र्याला भयंकर वास येतो!" तो म्हणाला. "इतक्या वर्षांत मला एकानंही सांगू नये?"

*

आता डब्याचं ऐका. त्या दिवशी उरलेल्या चकत्या केइकोनं मला डब्यात घालून घरी दिल्या. डबा तिचा, निळ्या झाकणाचा. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देतात का? छे! मी त्यात शंकरपाळे भरून दिले.

दुसऱ्या दिवशी डबा परत. आत तांदळाची कुरकुरीत बिस्किटं. म्हटलं, वा! मी चिवडा भरला. डबा परत आला, आत बीनचे गोड लाडूसारखे गोळे. मी थालीपीठं दिली, तिनं लोणचं दिलं. मी नारळाच्या वड्या दिल्या, तिनं समुद्रातलं कसलंसं शेवाळ दिलं. ते माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं, पडवळाची भाजी समजून पोळीशी खाल्लं आणि वर "जरा मीठ जास्त झालंय हं" असंही सुनावलं.

हे चालू राहिलं. मला वाटायचं, ही पोरगी थांबतच नाही, किती ही हौस! ती मला आदरानं ‘सान’ जोडून हाक मारते. एकदा टी ब्रेकमध्ये फार संकोचून म्हणाली, "सुजातासान, राग मानू नका. आमच्यात कुणी काही दिलं की उलट काहीतरी द्यावंच लागतं. तुम्ही थांबलात तर मलाही थांबता येईल. मी रोज पहाटे उठते."

"अगं, मीही त्यासाठीच पहाटे उठते!" मी ओरडले.

आम्ही दोघी इतक्या हसलो की डेरेक बघायला आला. पण तेव्हा डबा होता माझ्याकडे. म्हणजे रिकामा द्यायची वेळ माझ्यावर! ते काही माझ्याच्यानं होईना. घरी येऊन शिरीषला विचारलं, आता करू काय?

शिरीषनं पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "त्या डब्याला एक स्टाफ पास काढून दे. तुमच्यापेक्षा जास्त शिफ्ट तोच करतोय."

*

खरी पंचाईत कमळकाकडीची. लीड्सच्या चिनी दुकानात त्या दिवसांत मिळत होत्या त्या फ्रोझन चकत्या. चकत्यांत सारण भरणार कसं? वरून घाला, खालून गळतंय! केइकोला अख्खी हवी होती.

माझी नणंद वृंदा लंडनमधल्या हॅरोला राहते. तिच्या घराजवळच्या गुजराती दुकानात ताजी कमळकाकडी येते. ती त्या वीकएंडला आमच्याकडे येणारच होती, तेव्हा मी फोन करून सांगितलं, येताना घेऊन ये, अख्खी आण, तोडू नकोस. वृंदा म्हणजे सांगकाम्यांची राणी. तोडू नको म्हटलं ना? तिनं हातभर लांब, गाठीगाठीची, चिखलानं माखलेली कमळकाकडी खांद्यावरच्या पिशवीत उभी खोचली आणि आली ट्रेनमध्ये बसून.

समोरच्या सीटवर एक सुटाबुटातले म्हातारे गृहस्थ. किंग्ज क्रॉसपासून ते त्या पिशवीकडे बघत होते. वर निघालेलं टोक, त्यात गोल गोल भोकं. इंग्रज माणूस, विचारायचं तरी कसं! त्यांनी पेपर उघडला, मिटला, चष्मा पुसला, परत बघितलं. डॉनकास्टर मागे पडल्यावर बिचाऱ्यांना राहवेना.

"एक्सक्यूज मी," ते म्हणाले, "तुम्ही हे वाजवता का?"

वृंदाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"ओन्ली ॲट वेडिंग्ज," ती म्हणाली.

*

ही कमळकाकडी बघून केइकोचा चेहरा पडला. कुमामोतोची मनगटासारखी जाड असते म्हणे, ही आपली सडपातळ. शिवाय टोकं तुटल्यामुळे भोकांत चिखल गेलेला. पाण्यानं निघेना, काडीनं निघेना.

केइकोनं मग टेस्टट्यूब धुवायचा ब्रश शोधला. लॅबमधला नव्हे, घाबरू नका! दुकानातून नवाकोरा, पाकिटबंद घेतला. पण ब्रश आणि कमळकाकडी दोन्ही सोमवारी लॅबमध्ये आणली, कारण जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूमच्या सिंकवर मी मदत करणार होते. आम्ही दोघी घासतोय, तेवढ्यात मागे डेरेक.

"हे काय चाललंय?"

केइकोला खोटं बोलता येत नाही. "भाजी धुतेय," ती म्हणाली.

डेरेकनं ब्रश बघितला. कमळकाकडी बघितली. मला वाटलं, आता इन्फेक्शन कंट्रोलवर व्याख्यान होणार. पण डेरेक हाडाचा लॅबवाला. त्यानं ती हातात घेतली, खिडकीपाशी गेला, एक डोळा मिटला आणि दुर्बिणीसारखी धरून प्रत्येक भोकातून पार्किंगकडे पाहिलं. सावकाश, एकेक करून. तेवढा वेळ आम्ही दोघी परीक्षेला बसल्यासारख्या उभ्या.

"डावीकडून तिसरं," तो म्हणाला. "फेल. रिपीट करा."

*

एवढं सगळं झाल्यावर सासूबाईंना उत्सुकता वाटणारच. सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या सांगलीच्या. इंग्रजीचं त्यांना भय नाही. शब्द सापडतील तसे त्या समोरच्याच्या अंगावर टाकतात आणि तो पकडेल तेवढं पकडतो. त्या म्हणाल्या, "सुजाता, त्या पोरीला जेवायला बोलव. नुसते डबेच काय येतात?"

केइको आली. पानात पुरणपोळी. तिच्याकडे ताट चाटूनपुसून संपवणं म्हणजे ‘पोट भरलं, धन्यवाद’. आमच्या सासूबाईंकडे रिकामं ताट म्हणजे ‘अजून वाढा’! तिनं संपवलं की सासूबाई वाढायच्या, त्यांनी वाढलं की ती संपवायची. दोघींच्या चेहऱ्यावर नुसता सद्भाव. मी फोन आला म्हणून आत गेले होते. परत येऊन बघते तर केइको घामाघूम आणि सासूबाई मला कुजबुजत सांगतायत, "अगं, पोरीची उपासमार होतेय इथं!"

जेवणानंतर केइकोनं तिचा पदार्थ काढला. सासूबाईंनी चकती उलटसुलट केली. "पीठ लावलंय. हळद घातलीय. तळलंय. ही तर भजी!" आणि भजी गार कशी खायची? कुणाला काही कळायच्या आत त्यांनी ताटली मायक्रोवेव्हमध्ये घातली. केइकोच्या तोंडून एक बारीकशी किंकाळी निघाली. आपल्या बाबांच्या दुकानात कुणी गरम मागितलं असतं तर त्यांनी शटर ओढलं असतं, असं ती मला नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "सुजातासान, तुमच्या आईंचं वाढणं थांबवायचं बटण कुठं असतं?"

मी म्हटलं, "आमच्या लग्नापासून मीही तेच शोधतेय."

*

पण सासूबाईंनी त्या दिवशी एक गोष्ट अचूक ओळखली होती. एक घास खाऊन म्हणाल्या, "हिची मोहरी फेसलेलीच नाही."

मी केइकोला समजावून सांगितलं. आमच्याकडे लोणच्यात, रायत्यात घालायला मोहरी फेसतात. मोहरीची पूड करायची, चमचा चमचा पाणी घालायचं आणि एकाच बाजूनं घोटत राहायचं, नाकाला झिणझिण्या येईपर्यंत. केइको एकदम सरळ बसली. "आई असंच करायची," ती म्हणाली. "वाडग्यावर वाकून. आणि आम्हाला दाराबाहेर काढायची."

शनिवारी सासूबाईंनी तिला शिकवायला घेतलं. केइको घोटतेय, सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्यात. "नो, नो! सेम साइड! डोन्ट चेंज साइड!" मिनिटाभरानं केइकोचा हात दुखायला लागला. सासूबाईंनी वाडगा ओढून घेतला आणि ऐंशी वर्षांच्या मनगटानं अशी काही घोटली की मी बघतच राहिले.

झाली की नाही हे कळायचं कसं? केइकोनं विचारलं, काही टेस्ट असते का? सासूबाई म्हणाल्या, असते की. आणि त्यांनी हाक मारली, "शिरीऽऽष!"

शिरीष टीव्हीचा रिमोट शोधतच होता, तो कुठाय असं विचारत आत आला. सासूबाईंनी वाडगा त्याच्या नाकाखाली धरला. "हे बघ रे, खराब झालंय का?"

त्यानं भाबडेपणानं खोल श्वास घेतला. पुढची काही मिनिटं त्याचा आवाज फक्त बागेतून येत होता. शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, सगळं ठीक ना?

"झाली," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "हा एवढ्याला तरी उपयोगी पडला."

*

आणि केइकोचे बाबा आले. लहानखुरे, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. सगळ्यांना वाकून नमस्कार, अगदी बस ड्रायव्हरलासुद्धा. लीड्स कसं वाटलं विचारलं की म्हणायचे, "छान. थंडी छान." पण त्यांची बॅग केइकोच्या फ्लॅटच्या दारापाशी चेन लावून उभी. रोज सकाळी एक शर्ट काढायचा आणि परत चेन लावायची. कपाटात तिनं त्यांच्यासाठी एक अख्खा कप्पा रिकामा केला होता. तो तसाच.

डेरेकला वाटलं, आपणही पाहुणचार करावा. तो त्यांना त्याच्या लाडक्या फिश अँड चिप्सच्या दुकानात घेऊन गेला, केइको होतीच. बाबांनी माशाचा पापुद्रा बोटानं उचलला, वास घेतला, आणि केइकोच्या कानात काहीतरी म्हणाले. केइको लाल झाली.

"काय म्हणाले?" डेरेकनं विचारलं.

सांगितलं ना, तिला खोटं बोलता येत नाही. "म्हणाले, तेल फार थकलंय."

डेरेकनं एक सुस्कारा सोडला. "सांग त्यांना, मीही."

बाबा तेव्हा पहिल्यांदा हसले म्हणे. पण परतीचं तिकीट काही बदललं नाही. केइको अजून त्यांच्यापुढे तो पदार्थ ठेवायला धजत नव्हती. आज नको, उद्या. उद्या आला की परवा. त्यांना आवडला नाही तर? मग त्यांना थांब म्हणायला तिच्याकडे उरणार काय?

एक दिवस ती लॅबच्या कोल्ड रूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आत गेले तर शेल्फाकडे तोंड करून रडत होती. "ते त्या घरात एकटेच जेवतात," ती म्हणाली. "रेडिओ लावून." माझे बाबा असेच साताऱ्याला राहिले. इकडे आले की दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचं "जातो आता" सुरू व्हायचं, आणि मी रागावायचे, भांडायचे, आणि विमानतळावर सोडून येताना गाडीत ढसाढसा रडायचे. मी केइकोला जवळ घेतलं. दोघी तिथंच रडलो, थंडीनं कुडकुडत.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रडायचं काय त्यात? रविवारी त्यांना घेऊन इकडे ये म्हणावं. आपल्या गॅरेजमध्ये तळू."

*

आमच्या गॅरेजबद्दल सांगायला हवं. घरात तळलं की स्मोक अलार्म बोंबलतो आणि सगळ्यांच्या कोटांना महिनाभर भज्यांचा वास येतो. म्हणून आमची गाडी बाराही महिने रस्त्यावर आणि गॅरेजमध्ये शेगडी आणि कढई. दार वर करायचं आणि तळायचं. आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत हीच तऱ्हा.

रविवार. दुसऱ्या दिवशी बाबांचं विमान. गॅरेजच्या दारात बागेतली खुर्ची, तिच्यावर बाबा, ओव्हरकोटाची सगळी बटणं लावून. शेजारी डेरेक, त्याला मुद्दाम बोलावलं होतं. शिरीष खबरदारी म्हणून लांब, पार फुटपाथवर.

सारण आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. केइकोनं ताटलीत मिसो-मोहरी पसरली होती आणि कमळकाकडी उभी धरून त्यात ठोकली होती, टक टक टक, सारण भोकांतून वर चढेपर्यंत. मोहरी सासूबाईंची. पीठ बेसनाचं, हळद घातलेलं, अंडं वगळून, कारण सासूबाईंच्या कढईत अंडं जात नाही. सासूबाई शेगडीपाशी झारा घेऊन, केइको त्यांच्या बाजूला. बाबा नुसते कढईकडे बघत होते.

तळून झालं. केइको म्हणाली, आता गार होऊ दे. पण गार होऊ देतील त्या सासूबाई कसल्या! त्यांनी सुरी घेतली, वाफाळत्या चकत्या केल्या आणि ताटली थेट बाबांपुढे धरली. "ईट! हॉट हॉट!"

बाबांनी चकती उचलली. आधी भरलेल्या भोकांकडे निरखून पाहिलं. मग चावली.

बाबा सावकाश चावत होते. मग थांबले. त्यांचे डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून खाली यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. आता मोहरी ती मोहरी, तिनं कुणाचेही डोळे भरतात, शेजारी चकती खाणाऱ्या डेरेकचेही भरले होते. पण डेरेक नाक शिंकरत होता आणि बाबा नुसते बसून होते.

मग ते बोलायला लागले. जपानीत, हळू, लांबलचक. केइकोचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतात, कमळकाकडी जास्त उकडलीय. मिसो गोड आहे. पीठ तर पूर्णच चुकलंय." तिनं ताटलीकडे बोट दाखवलं. "आणि हे गरम खायचं नसतं."

"आणि मोहरी?" डेरेकनं विचारलं.

केइकोनं बाबांकडे पाहिलं. "मोहरीबद्दल काही बोलले नाहीत."

मग बाबा उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी कोटाची बटणं काढली, कोटाची नीट घडी घातली आणि शिरीषच्या सायकलच्या सीटवर ठेवली. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. शेगडीपाशी आले, आच बारीक केली, आणि सासूबाईंपुढे हात पसरला. त्यांना झारा हवा होता.

सासूबाईंनी झारा पाठीमागे घेतला.

"नो!" त्या ठणकावून म्हणाल्या. "इन अवर हाऊस, गेस्ट नो वर्क! केइको, टेल हिम. पाहुण्यानं बसायचं."

केइकोनं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. सासूबाईंकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. आणि अगदी थोडकंच काहीतरी बोलले.

केइको मटकन त्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अगं, काय म्हणाले?" सासूबाई ओरडल्या. "टेल, टेल!"

"म्हणाले," केइकोला हसू आणि रडू एकदमच येत होतं, "मग आजपासून मी पाहुणा नाही."

सासूबाईंनी जरा विचार केला, आणि झारा त्यांच्या हातात दिला.